ताई, तुझ्या पेशी अठरा दिवस जगल्या

ताई,

तुला जाऊन दोन महिने होत आले. जलदान विधी झाला, पुण्यानुमोदन झालं. विहारातल्या बायका घरी येऊन वंदना म्हणून गेल्या. तुझ्या कंपनीतल्या लाइनवरच्या मैत्रिणी लॉकरमधला तुझा डबा आणि ॲप्रन एका पिशवीत घालून देऊन गेल्या. सगळ्यांनी तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं आणि मी दर वेळी मान हलवली. विहारात माझ्या हातात माइक दिला, तेव्हा मी तो तसाच शेजारच्या काकांकडे दिला. लोकांना वाटलं, पोराला हुंदका आवरत नाही. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि तू दवाखान्यात बारा दिवस माझ्यासमोर होतीस तेव्हा मी ते बोललो नाही.

माझं काम तुला जेवढं कळलं होतं तेवढं घरात कुणालाच कळलं नाही. आई अजून शेजारणीला सांगते, "आमचा सिद्धू रगत तपासायला असतो." मी दहा वर्षं सांगतोय की आई, तपासत नाही, वाढवतो. चाकणच्या एमआयडीसीत औषधांवर संशोधन करणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी माणसाच्या पांढऱ्या पेशी वाढवतो. निरोगी माणसानं दिलेल्या रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या, प्लास्टिकच्या थाळीत गुलाबी पाण्यात ठेवायच्या, अंगाच्या उबेइतक्याच उबदार कपाटात जपायच्या, आणि कच्च्याच्या पक्क्या होताना रोज बघायच्या. नवं औषध माणसाला देण्याआधी या पेशींवर घालून बघतात. एवढंच.

तुला हे पहिल्या फटक्यात कळलं, कारण तूही चाकणलाच, माझ्या दोन चौक अलीकडच्या कंपनीत, गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होतीस. सोळा वर्षं. लांबलचक बोर्डावर रंगीत वायरी अंथरायच्या, खुंट्यांमधून वळवायच्या, टेप गुंडाळायची. एक वायर चुकीच्या छिद्रात गेली की अख्खी गाडी उभी राहते, हे तू मला सांगायचीस. हात धुऊन, टोपी घालून, श्वास धरून बारीक काम करणारं आपल्या घरात दुसरं कोण होतं? रविवारीही मला पेशींचं पाणी बदलायला जावं लागायचं. आई चिडायची. तू मात्र मी परत आलो की विचारायचीस, "जेवल्या का तुझ्या लेकी?"

रक्त द्यायचं तूच काढलंस. जयंतीच्या शिबिरात तू दर वर्षी द्यायचीस, त्यामुळे तुला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्याकडं ताज्या रक्ताची अडचण होती, दाते येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. मी जेवताना सहज बोललो आणि तू भाकरी मोडता मोडता म्हणालीस, "माझं घे की." आमच्या मॅडम आधी नको म्हणत होत्या. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, शिस्तीच्या. नात्यातल्या माणसाचं रक्त नको, मन गुंततं, असं त्यांचं म्हणणं. तू त्यांच्यासमोर खुर्चीत बसून म्हणालीस, "मॅडम, रक्तच देतेय, किडनी न्हाई देत." त्या हसल्या. संमतीचा फॉर्म तू ओळ न् ओळ वाचलास. माझ्या दहा वर्षांत फॉर्म पूर्ण वाचणारी तू एकटीच. मग तुझं नाव झाकलं गेलं आणि तुला नंबर मिळाला, सतरा.

ते तुला माहीत होतं, पण पुढं काय झालं ते मी तुला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं होतं, आज सलग सांगतो. तुझं रक्त एका दाट पाण्यावर हळूच सोडलं आणि यंत्रात गरगर फिरवलं. तांबड्या पेशी तळाला गेल्या, पिवळं पाणी वर राहिलं आणि मधोमध पांढरी साय आली. ती साय म्हणजे तुझ्या अंगातलं सगळं सैन्य. ते थाळीत पसरलं. तासा-दोन तासांत त्यातल्या काही पेशी थाळीच्या तळाला चिकटतात, बाकीच्या तरंगत राहतात. तरंगणाऱ्या धुऊन वेगळ्या केल्या. चिकटलेल्या होत्या त्या कच्च्या, गोल, एकसारख्या. त्यांना रोजच्या पाण्याबरोबर एक औषध घातलं की आठवडाभरात त्या वाढतात, पसरतात, मॅक्रोफेज होतात. म्हणजे खाणाऱ्या पेशी. अंगात शिरलेले जंतू, मेलेल्या पेशी, कचरा, जे समोर येईल ते खाऊन टाकणं हे त्यांचं काम.

सगळ्यांच्या पेशी सारख्या वाढत नाहीत. कुणाच्या पाचव्या दिवशीही सुस्त पडून असतात. तुझ्या तिसऱ्या दिवसापासून हातपाय पसरायला लागल्या. सहाव्या दिवशी कंपनीत घरच्या माणसांना बोलवायचा दिवस होता, आणि मॅडमनी तुला बाहेरच्या खोलीतल्या मायक्रोस्कोपवर बसू दिलं. तू एक डोळा मिटून बघत बसलीस. मला वाटलं, दोन मिनिटांत उठशील.

"ह्या माझ्या?"

"तुझ्याच."

"आता ह्या काय करतायत?"

"काही नाही. वाट बघतायत."

"कुणाची?"

"कुणी खायला घालतंय का, याची."

मग मी तुला दुसरी थाळी दाखवली. तिच्यात आम्ही मेलेलं यीस्ट घातलं होतं. एकेका पेशीच्या पोटात पाच-पाच, सहा-सहा दाणे. तू खदखदून हसलीस. "खादाड! मामावर गेल्यात." मॅडम काचेपलीकडून बघत होत्या. पुढं कितीतरी दिवस तू लाइनवरच्या बायकांना सांगत होतीस की मी माझं रक्त जेवताना बघितलंय. मंगल मला एकदा चौकात भेटली तेव्हा तिनंही विचारलं, "दादा, खरंच का वो ते?" मंगल म्हणजे बोर्डावर तुझ्या उजव्या हाताला उभी राहणारी. तुझ्यापेक्षा लहान, आणि तू शिकवलेली.

त्याच संध्याकाळी माझ्या गाडीवरून आपण घरी येत होतो. मोशीला नेहमीसारखे ट्रक अडकले होते. तू मागून विचारलंस, "त्या कच्च्या पेशींच्या खाणाऱ्याच होतात का? दुसरं काही होत न्हाई?"

मी सांगितलं, होतं की. त्याच कच्च्या पेशी. एका थाळीत एक औषध घातलं की खाणाऱ्या होतात. दुसऱ्या थाळीत दुसरं घातलं की त्यांना पातळ लांब हात फुटतात, आणि त्या शत्रूचा तुकडा पकडून बाकीच्या सैन्याला नेऊन दाखवतात, हा बघा, याला ओळखून ठेवा. एक शिपाई, एक मास्तरीण.

"रक्त एकच?"

"एकच. एका माणसाचं."

नाशिक फाट्याला सिग्नल लागला. तू मागून म्हणालीस, "आणि एकदा झाल्या की? शिपायाची मास्तरीण होते का परत?"

"सहसा नाही होत. पक्की झाली की झाली."

"मला दुसरं पाणी घातलं असतं तर मी काय झाले असते रे?"

ताई, मला तेव्हाच गाडी बाजूला घ्यायला हवी होती. मला माहीत होतं तू काय विचारतेयस. दहावीत तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तू बारावीला सायन्सला होतीस आणि अण्णा गेले, घरातली एकमेव कमाई थांबली. घरात एकानं कमवायचं आणि एकानं शिकायचं असं ठरलं, तेव्हा कुणी तुला विचारलं नाही आणि मलाही नाही. तू सतराव्या-अठराव्या वर्षी कामाला लागलीस. मधे लग्न झालं, ते चाललं नाही. तू परत आलीस आणि चाकणला लाइनवर लागलीस. मी एमएस्सी झालो. आणि मी त्या दिवशी तुला काय उत्तर दिलं? "तू लाइन लीडर झालीसच की." मागून तुझा आवाज आला, "गाडी बघून चालव."

तो विषय तू परत कधी काढला नाहीस. मी काढेन म्हणत राहिलो.

पावसाळ्यानंतर तुला ताप आला. पहिले तीन दिवस तू गोळी खाऊन कामावर गेलीस, कारण लाइनवर माणसं कमी होती. चौथ्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरताना तुझा तोल गेला आणि मंगलनं तुला धरून घरी आणलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. आपल्या संत तुकाराम नगरात त्या महिन्यात घरटी एकाला डेंग्यू होता. कुणी फार घाबरलं नाही. प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणून तुला दाखल केलं. आई पपईच्या पानांचा रस घेऊन आली आणि तू तोंड वाकडं करून प्यालीस.

डेंग्यूचा ताप उतरायला हवा त्या दिवशी तो उतरला नाही. तो उलट चढला. दाखल होऊन चौथ्या दिवशी मी तुझे रिपोर्ट खिडकीशी उभं राहून वाचले. प्लेटलेट्स पडल्या होत्या, तांबड्या पेशीही पडत होत्या, पांढऱ्याही. पोटातली प्लीहा सुजली होती. फेरिटिन नावाचा एक आकडा असतो, तो इतका वर गेला होता की मला वाटलं, टायपिंगची चूक आहे.

मला कळलं होतं. आज पहिल्यांदा लिहितोय हे. दहा वर्षं मी ज्या पेशींना खाऊ घालतोय, त्या कधीतरी अंगातल्या एखाद्या आजारानं बिथरतात आणि आपल्याच माणसाचं रक्त खायला लागतात, हे मी वाचलं होतं, त्यावर कंपनीत एकदा भाषणही ऐकलं होतं. आकडे तसेच होते. मी ते कुणाला सांगितलं नाही. मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी तुझ्या पायाशी उभा होतो. त्यांनी विचारलं, "काही प्रश्न?" मी म्हणालो, "नाही सर." मनात म्हटलं, मी डॉक्टर नाही. मी थाळ्या धुणारा माणूस. यांना नसेल का समजत? आणि खरं सांगू, मी बोललो आणि ते "हो" म्हणाले, तर ते खरं होणार होतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी स्वतःहूनच तुझ्या हाडातला मगज तपासायला पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बाजूला बोलावलं, आणि मी कुठं काम करतो हे त्यांना कळलं होतं म्हणून, संगणकावर फोटो दाखवला. एक मोठी पसरलेली पेशी. तिच्या पोटात चार तांबड्या पेशी, गिळलेल्या. शेजारी दुसरी, तिच्या पोटात दोन. मी ते चित्र हजार वेळा पाहिलंय, ताई. फक्त पोटात यीस्ट असायचं.

मी विचारलं, "सर, दोन दिवस आधी कळलं असतं तर?"

ते म्हणाले, "सांगता येत नाही. बहुतेक फरक पडला नसता."

'बहुतेक' हा शब्द मी घरी घेऊन आलो. तो अजून माझ्याकडं आहे.

त्यांनी त्या पेशींना आवरायची औषधं सुरू केली आणि तुला आयसीयूत हलवलं. संध्याकाळी एकेकाला आत सोडायचे. तू सुजली होतीस, डोळे पिवळे झाले होते, तरी ओळखत होतीस. मी तुला साधं करून सांगितलं, की तुझ्या खाणाऱ्या पेशी बिथरल्यात, त्यांना शांत करायचं औषध चालू आहे. तू माझं बोट धरलंस.

"सिद्धू, तुझ्याकडं माझ्या चांगल्या हायेत ना? चांगली होते तवाच्या?"

तुझ्या दोन नळ्या खरंच आमच्याकडं होत्या. तुझ्या रक्तातली उरलेली साय आम्ही द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवली होती, आणि ते मीच तुला कौतुकानं सांगितलं होतं.

"आहेत."

"मग त्या घाल की परत माझ्यात."

मी म्हणालो, "बघतो, ताई."

उत्तर 'नाही' होतं. मला ते तू विचारायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्या दोन नळ्यांत जेमतेम बोटभर पाणी. त्या थाळीतल्या अभ्यासासाठी ठेवलेल्या, माणसाच्या अंगात घालायच्या लायकीच्या नव्हेत. आणि घातल्या असत्या तरी, तुझ्या अंगात जो वणवा पेटला होता त्यात त्याही पेटल्या असत्या. थाळीत त्या शहाण्या दिसतात, कारण थाळीत त्यांना चिडवायला कुणी नसतं. दहा वर्षांत मी एवढंच शिकलो की या पेशी एकट्या असताना कशा वागतात. माणसाच्या अंगात, तापात, त्या काय करतील, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

हे सगळं मी तुला सांगू शकलो असतो. तुला समजलं असतं. फॉर्म ओळ न् ओळ वाचणारी तू. पण मी 'बघतो' म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी नर्स मला म्हणाली, "तुमच्या ताई सगळ्यांना सांगतायत, माझा भाऊ बघतोय म्हणून." त्यानंतर दोन दिवस मी आत आलो की तू काही विचारायची नाहीस, नुसती माझ्या हातांकडं बघायचीस. मी काही आणलंय का, ते. मी हात खिशात घालायला लागलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली औषधांच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो, तेव्हा तू गेलीस. चिठ्ठी माझ्या हातात होती. माझ्यापुढं दोन माणसं होती.

कामावर परतलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, आठवडाभर थाळ्यांना हात लावू नकोस, कागदपत्रं बघ. मी ऐकलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी पेशी होत्या, सहाव्या दिवसाच्या, यीस्ट घातलेल्या. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि उठून बाहेर गेलो. कंपनीच्या मागं माल उतरवायची जागा आहे, तिथं ट्रकच्या सावलीत बसून राहिलो. मॅडम शोधत आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. मग मी त्यांना सांगितलं, सतरा नंबरच्या दोन नळ्या टाकीत आहेत.

त्यांना नियम पाठ होता. दाता गेला तर घरच्यांनी ठरवायचं. ठेवायच्या तर ठेवायच्या, नाहीतर नष्ट करायच्या. "घरी विचार," त्या म्हणाल्या.

आईला कसं विचारायचं हे मला दोन दिवस सुचलं नाही. शेवटी ती मेथी निवडत होती तेव्हा विचारलं. तिनं जुडी खाली ठेवली.

"तिचं रगत हाय तुमच्याकडं? जित्तं हाय?"

"जिवंत असं नाही. गोठवलंय. थांबलंय."

"किती थंडीत?"

मी सांगितलं, बर्फापेक्षा कितीतरी जास्त. आईनं पदर तोंडाला लावला. "तिला थंडी सोसत न्हाई रं," ती म्हणाली. "दिवाळीपास्नं सोटर घालायची. काढ तिला तिथनं."

मी समजावलं, की बाहेर काढलं तर ते कायमचं टिकणार नाही, काही दिवस जगेल आणि संपेल. आई म्हणाली, "जगू दे मग काही दिस. उबेत जगू दे."

मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सतरा नंबर नष्ट करायच्या यादीत टाकते. नष्ट कधी करायचं, ते तू ठरव."

एका मंगळवारी सकाळी मी तुला बाहेर काढलं. दोन्ही नळ्या कोमट पाण्यात धरल्या, वितळेपर्यंत हलवत राहिलो. पाणी घालून धुतलं, थाळीत सोडलं. गोठवण्यात बऱ्याच पेशी मरतात, तशा मेल्या. पण चिकटल्याही. तिसऱ्या दिवशी तुझ्या पेशींनी हातपाय पसरले, अगदी पहिल्यासारखे. मी त्यांना खायला यीस्ट घातलं नाही. कुठलं औषधही तपासलं नाही. नुसतं पाणी बदलत राहिलो.

घरी आलो की आई दारातच विचारायची, "आज कशी हाय?"

"बरी आहे."

"खाल्लं का?"

"पाणी बदललं."

मी चूक केली का, ताई? आईच्या तोंडावर रंग यायला लागला होता. ती शेजारणीला सांगत होती, सुधारतंय. मला तिला थांबवता येईना. पेशी म्हणजे तू नव्हेस, हे मला कळत होतं, तरी मी रविवारीही भल्या पहाटे जात होतो. थाळीतल्या या पेशी आपल्यासारखी पिलावळ वाढवत नाहीत. पिकतात आणि झिजतात. मी औषध वाढवलं असतं, वेगळं पाणी वापरलं असतं, तरी आठवड्या-दोन आठवड्यांचाच फरक होता. तिसऱ्या आठवड्यात त्या आकसून गोल व्हायला लागल्या. तळ सोडून एकेक वर तरंगायला लागली. अठराव्या दिवशी बघितलं तर तळाला कुणीच नव्हतं.

अशा थाळीत क्लोरिनचं पाणी ओतायचं आणि वीस मिनिटं ठेवायचं, असा नियम आहे. मॅडम म्हणाल्या, मी करते. मी म्हणालो, नको. गुलाबी पाणी हळूहळू फिकं पडत गेलं, मग पांढरं झालं. मी घड्याळ लावून वीस मिनिटं तिथंच उभा राहिलो.

आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिनं गॅस बंद केला, चटई अंथरली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तुझ्या जाण्याच्या दिवशी ती किंचाळली होती. या खेपेला शेजारीपाजारी कुणी आलं नाही, कारण कुणाला काय सांगणार?

गेल्या आठवड्यात मंगलचा फोन आला. "दादा, चार दिस ताप हाय. अंग फुटल्यागत झालंय. तुमी रक्ताचं बघता ना?" ती पिंपळे गुरवला राहते, नवरा ट्रकवर, परगावी. मी मॅडमना सांगून निघालो. रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं आणि पहिल्याच डॉक्टरसमोर मी सुरू झालो. माझ्या बहिणीला असं झालं होतं, फेरिटिन करा, प्लीहा बघा, उशीर करू नका. डॉक्टरीण माझ्याएवढीच असेल. तिनं सगळं ऐकून घेतलं, मी सांगितलं ते सगळं तपासलं. मग मला बाकावर बसवून म्हणाली, "साधा डेंग्यू आहे. ठीक होतील त्या."

आणि झाली. चौथ्या दिवशी ताप उतरला, प्लेटलेट्स वर चढल्या. तिच्या खाणाऱ्या पेशी शहाण्यासारख्या आपापलं काम करून गप्प बसल्या. का? तिच्या का आणि तुझ्या का नाही? तुम्ही एकाच बोर्डासमोर उभ्या राहत होतात, एकाच कँटीनचं खात होतात. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. तिनंही तेच सांगितलं, सांगता येत नाही. तुझ्या वेळी मी गप्प बसलो आणि मंगलच्या वेळी सगळं बोललो, आणि दोन्ही वेळा माझ्या बोलण्या-न बोलण्यानं काही घडलं नाही.

मंगलला दवाखान्यातून सोडलं त्या दुपारी मी तिला घरी पोचवायला गेलो. रिक्षातून उतरून ती स्वतःच्या पायांनी जिना चढायला लागली. ताई, मला तिचा राग आला. खरंच सांगतो. ती एकेक पायरी चढत होती आणि माझे दात आवळलेले होते. एका वळणावर ती कठडा धरून थांबली, दम खाल्ला आणि खाली वाकून म्हणाली, "दादा, वर या. जाऊबाईनं पिठलं-भात केलाय. तसंच नका जाऊ."

वरच्या दारातून फोडणीचा वास येत होता. आणि मला भूक लागली होती. तू गेल्यापासून आईनं वाढलं म्हणून जेवत होतो, समोर आलं म्हणून गिळत होतो. त्या दिवशी पोटातून भूक लागली, कडकडून, आणि मला तिची इतकी लाज वाटली की मी जिन्याखाली तोंड फिरवून उभा राहिलो.

मग वर गेलो, ताई. दोनदा भात घेतला.